पिक्चर बघावा मधल्या रांगेतून

अमुक पिक्चर बघू का, असं कुणी विचारलं की मी आधी विचारतो, सीट कुठली मिळतेय? लोकांना वाटतं मी उत्तर टाळतोय. पण कथा, अभिनय, दिग्दर्शन हे सगळं समीक्षकांनी वाटून घेतल्यावर आपल्यासारख्या सटीसहामासी थिएटरात जाणाऱ्याच्या वाट्याला उरतं काय? मान, कान, नाक, कंबर आणि मूत्राशय. माझी सगळी मतं तिथूनच येतात. पिक्चरची जात बदलली की यातला वेगळा अवयव कामाला लागतो. मल्टिप्लेक्सवाला मात्र भुताला आणि प्रेमाला एकाच भावाचं तिकीट लावतो.

सीटचं गणित सोपं आहे. पडद्यापासून मागच्या भिंतीपर्यंतच्या अंतराचे तीन भाग करा. पुढून दोन भाग जिथे संपतात, तिथली मधली सीट घ्या. आवाजाचं मिक्सिंग करणारा तंत्रज्ञ त्याच्या स्टुडिओत साधारण याच जागी बसतो. म्हणजे पिक्चर मुळात तिथल्या कानांसाठी बेतलेला असतो. सगळ्यात मागची रिक्लायनरची रांग महाग, पण मागचे स्पीकर अगदी डोक्याशी. युद्धपटात तोफ पडद्यावर धडाडते आणि गोळा आपल्या टाळूवर फुटतो. प्रेमकथेला तीच रांग उत्तम. पाय लांब करून पहिली पाऊणेक तासाची ओळखदेख झोपेत काढता येते आणि गैरसमजाच्या वेळेला ताजंतवानं उठता येतं. बुकिंग करताना ॲपवरच्या नकाशात पडद्याची रेघ कुठे आहे ते तेवढं बघून घ्यावं. ती न बघता ‘मागची’ म्हणून घेतलेली सीट हमखास पहिल्या रांगेत निघते, आणि मग अडीच तास हिरोच्या नाकपुड्या.

भयपटाबद्दल माझं मत असं आहे की तो डोळ्यांचा खेळच नाही. दचकवण्याची रीत ठरलेली असते. आधी पार्श्वसंगीत हळूहळू बंद होतं. मग कॅमेरा नायिकेला चौकटीच्या एका कडेला ठेवतो आणि दुसरी बाजू उगाचच रिकामी सोडतो. ती बाथरूममधलं आरशाचं कपाट उघडते, बंद करते, काही होत नाही. पहिल्यांदा मांजर निघतं किंवा नवरा खांद्यावर हात ठेवतो. आपण हुश्श करून पॉपकॉर्नकडे हात नेतो, आणि खरा धक्का त्याच क्षणाला असतो. तो चेहऱ्याचा नसतो, आवाजाचा असतो. म्हणून जाणत्या माणसानं डोळे मिटू नयेत, कानात बोटं घालावीत. आवाज गेला की भूत म्हणजे पावडर जास्त झालेल्या बाई, बाकी काही नाही.

डॉल्बी ॲटमॉस या ध्वनियंत्रणेच्या हॉलमध्ये छतातही स्पीकर असतात. भूत वरच्या खोलीत चालू लागलं की पावलं खरोखर आपल्या डोक्यावरून जातात. परदेशी दिग्दर्शकाला वाटतं, आता प्रेक्षकांचं रक्त गोठणार. मुंबईकर मान वर करून बघतो आणि वैतागतो, कारण वरच्या मजल्यावरचे रात्री साडेअकराला कपाट सरकवतात तेव्हा अस्साच आवाज येतो.

भयपटाला आणखी एक पीडा असते, ती म्हणजे शेजारच्या मांडीवरचं मूल. २०२४ पासून सेन्सॉरच्या ‘यूए’ प्रमाणपत्राचे, म्हणजे मुलांनी पालकांच्या सल्ल्यानं बघायच्या पिक्चरचे, तीन भाग झाले आहेत: ७ वर्षांवरचे, १३ वरचे आणि १६ वरचे. पण हे वय पालकांनी विचारात घ्यावं म्हणून असतं, दारात कुणी अडवत नाही. अडवायचं ते फक्त ‘ए’ला, म्हणजे निव्वळ प्रौढांच्या पिक्चरला. त्यामुळे ‘यूए १६+’ भुताला सहा वर्षांचं पोर पहिली पंधरा मिनिटं हसतं आणि उरलेला वेळ ‘बाबा, घरी’ म्हणतं. बाबा उठत नाहीत. त्यांनी नाचोज घेतलेले असतात.

दाक्षिणात्य ॲक्शनपट हिंदीत डब होऊन येतात, ते मला मनापासून आवडतात. तक्रार फक्त स्लो मोशनची. पडद्यावर सेकंदाला २४ चित्रं सरकतात. चित्रीकरण सेकंदाला ९६ चित्रांनी केलं की प्रत्येक हालचाल चौपट लांबते. हिरो जीपमधून उतरून दारापर्यंत पाच सेकंदांत पोचला असता, तो वीस सेकंद घेतो. वीस सेकंदांत दादरला लोकल रिकामी होऊन पुन्हा भरते. मग सिगारेट पेटवणं, लुंगी दुमडणं, मागे गाडीचा स्फोट, खलनायकाच्या तोंडून रक्ताचा थेंब. सगळं याच हिशोबात. हे पिक्चर तीन तासांचे असतात असं म्हणतात. चालण्याचा वेग सरळ ठेवला तर दोनात आटोपतील. डबिंगचा हिशोब वेगळा. ओठ मिटल्यावरही वाक्य शिल्लक राहतं, ते हिरो पाठमोरा झाला की उरकतात.

अशा पिक्चरला जाताना सुरुवातीचं सेन्सॉरचं प्रमाणपत्र नीट वाचावं. ते दहा सेकंद दिसतं आणि त्यात पिक्चरची लांबी मिनिटांत लिहिलेली असते. लोक त्या वेळात फोन बंद करत असतात, पण पाण्याची बाटली उघडायची की नाही, हा निर्णय त्या एका आकड्यावर घ्यायचा असतो. आपल्याकडच्या पिक्चरला मध्यंतर लेखकानंच लिहिलेलं असतं, त्यामुळे मोठी मारामारी झाली की उठायला हरकत नाही. इंग्रजी पिक्चरला मध्यंतर नसतंच. थिएटरवाले ते आपल्या सोयीनं पाडतात. वाक्य अर्ध्यावर असतं, दिवे लागतात. परत आल्यावर उरलेलं अर्धं वाक्य सुरू होतं आणि पहिलं अर्धं कुणालाच आठवत नाही. सुपरहिरोच्या थ्रीडीला तर बोलायलाच नको. थ्रीडी चष्म्याची ध्रुवीकरणाची काच निम्म्याहून जास्त प्रकाश खाते, त्यात रात्रीची लढाई, त्यात आपला नंबरचा चष्मा आत आणि त्यांचा वर. जगाचा नाश होतोय एवढं आवाजावरून कळतं. बाकी लक्ष नाकावर.

रहस्यपटाचं रहस्य पिक्चरवाले शेवटपर्यंत जपतात, पण कायद्यापुढे त्यांचं चालत नाही. पडद्यावर सिगारेट दिसली की खाली धूम्रपानाचा इशारा झळकलाच पाहिजे. कधी कधी इशारा आधी येतो आणि सिगारेट नंतर. तो दिसला की ओळखावं, आता इन्स्पेक्टर खिडकीपाशी जाणार, धूर सोडणार आणि त्याला काहीतरी सुचणार. दुसरी खूण नामावलीत असते. बऱ्यापैकी नावाजलेला नट पहिल्या भागात फक्त चहा देऊन गेला असेल, तर खुनी तोच; चहा द्यायला एवढे पैसे कुणी देत नाही.

आणि रहस्यपटाला पॉपकॉर्न घेऊ नये. शांततेत चावल्याचा आवाज तीन रांगा जातो. तसं पॉपकॉर्नकडे सरकार माझ्यापेक्षा आदरानं बघतं. थिएटरमधल्या खाण्यावर ५ टक्के जीएसटी, हा खुलासा जीएसटी परिषदेनं २०२३ मध्येच केला. शंभर रुपयांवरच्या तिकिटावर १८ टक्के. म्हणजे पॉपकॉर्न ही गरज आणि पिक्चर ही चैन. दोन्ही एकत्र पॅकेजमध्ये घेतलं तर पॉपकॉर्नलाही तिकिटाचाच दर, म्हणजे तिथे मक्याला कलेचा दर्जा मिळतो. घरून डबा नेण्याचा मार्ग सर्वोच्च न्यायालयानं २०२३ च्या जानेवारीत बंद केला. बाहेरचं खाणं अडवायचा हक्क थिएटरचा, पिण्याचं पाणी मात्र फुकट द्यायचं. ते पाणी कुठे असतं हे विचारावं लागतं. बहुधा स्वच्छतागृहाच्या वाटेवर.

ऐतिहासिक पिक्चरला भरलेलं थिएटर हवं. रिकाम्या हॉलमध्ये ‘हर हर महादेव’ एकट्यानं म्हणायला संकोच वाटतो. फक्त लढाईत पडद्याच्या कोपऱ्याकडे बघू नये. घोडा कोसळला की तिथे बारीक अक्षरांत ‘सीजीआय’, म्हणजे संगणकावर केलेलं चित्र, असं येतं, कारण प्राण्याला इजा झालेली नाही हे कळायला हवं. मावळ्यांच्या डोक्यावर तसं काही येत नाही, तेव्हा त्यांचं काय झालं असेल याची काळजी लागून राहते.

राहता राहिला साधा, घरगुती, चांगला मराठी पिक्चर. त्याला सीटचा प्रश्न नसतो, हवी ती मिळते. प्रश्न वेळेचा आणि गावाचा. राज्य सरकारनं २०१५ मध्ये मल्टिप्लेक्सना मराठी चित्रपट प्राइम टाइमला दाखवायला सांगितलं. आधी संध्याकाळी ६ ते ९ म्हणाले, मग तडजोडीत दुपारी १२ ते रात्री ९ झालं. त्यामुळे मंगळवारी दुपारी सव्वाबाराचा खेळ हाही प्राइम टाइमच. त्या वेळी मराठी प्रेक्षक बीकेसीतल्या ऑफिसात संगणकासमोर डबा कधी उघडायचा याचा विचार करत असतो. हक्काची थिएटरंही कमी होत चाललीत. दादरचं चित्रा २०१९ मध्ये गेलं. म्हणून पिक्चर आवडेल असं वाटलं की पहिलाच रविवार धरावा. ‘सगळे चांगलं म्हणतायत, पुढच्या आठवड्यात जाऊ’ म्हणणाऱ्यांमुळेच पुढचा आठवडा येत नाही.

तरी राहिलंच, तर बुधवारी रात्रीपासून ॲप बघत राहावं. शुक्रवारपासूनचे खेळ तोवर चढू लागतात. पिक्चर त्यात नसेल तर उरतो गुरुवारचा शेवटचा शो, दुपारी पावणेदोनला, आणि तो तुम्ही बोरिवलीत असाल तर वाशीला, वाशीत असाल तर भाईंदरला असतो. हाफ डे टाकावा. रजेच्या अर्जात खरं कारण लिहायला हरकत नाही. मराठी पिक्चरसाठी कुणी रजा घेतं यावर ऑफिसात कुणाचा विश्वास बसत नाही. काहीतरी गंभीर आहे आणि हा लपवतोय, असं समजून लगेच मंजूर करतात.