नदी मोजावी, पण काही सापडू नये

आपली नेमणूक एखाद्या सामायिक नदीखोऱ्याच्या पाणी-गुणवत्ता समितीवर झाली असेल, तर प्रथम मनःपूर्वक अभिनंदन. दोन-तीन देशांतून किंवा चार-पाच राज्यांतून वाहणाऱ्या नदीचे पाणी तपासायचे आणि काठच्या शेतीतून त्यात काय उतरते याची नोंद ठेवायची, एवढेच आपले काम आहे. ते केले नाही तर खालच्या अंगाचे लोक नावे ठेवतील आणि नीट केले तर आपलेच शेतकरी नावे ठेवतील. म्हणून ते अशा बेताने करावे, की तक्ते भरत राहतील आणि बोट मात्र कोणाकडेही वळणार नाही.

सगळी मेख वेळेत आहे. शेतातला स्फुरद आणि तणनाशके वर्षभर सारख्या हप्त्यांनी नदीत येत नाहीत. खत आणि फवारणी झाल्यावर जे पहिले एक-दोन दमदार पाऊस पडतात, त्यांच्या गढूळ लोंढ्याबरोबर वर्षाच्या भाराचा मोठा हिस्सा काही तासांत निघून जातो. आपण नमुने महिन्याच्या पहिल्या सोमवारी घ्यावेत, आणि त्या दिवशी पाऊस असल्यास कर्मचाऱ्यांच्या सुरक्षिततेच्या कारणास्तव फेरी रद्द करावी. सुरक्षिततेला आजवर कोणत्याही बैठकीत कोणी विरोध केल्याचे ऐकिवात नाही.

दिवसातली घटकाही पारखून घ्यावी. दुपारी अडीच वाजता पुलावर जावे आणि प्राणवायू-मापकाची तार पाण्यात सोडावी. खाली पाणी हिरवेगार असेल, काठच्या दगडांवर शेवाळाचा बोटभर थर असेल आणि त्यातून बारीक बुडबुडे वर येत असतील. नत्र आणि स्फुरद पोटभर मिळालेले हे शेवाळ उन्हात एवढा प्राणवायू सोडते, की मापकावर लिटरला १२ मिलिग्रॅम दिसले तरी दचकू नये. २५ अंश तापमानाच्या गोड्या पाण्यात हवेतून जेमतेम सव्वाआठ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तेव्हा १२ हा आकडा नदीच्या प्रकृतीचा नसून तिच्या अजीर्णाचा आहे, हे जाणकाराला कळते. परंतु अहवालाच्या रकान्यात जाणकार बसत नाहीत, तिथे ‘उत्तम’ एवढाच शेरा बसतो. रात्रभर तेच शेवाळ आणि त्याच्या कुजण्यावर जगणारे जिवाणू प्राणवायू ओढून घेतात, आणि पहाटे त्याच पुलाखाली मासे तोंड वर काढून श्वासासाठी धडपडत असतात. पहाटेची कामाची वेळ कोणत्याच कार्यालयाची नसते, हा आपला दोष नव्हे.

नमुना प्रयोगशाळेत गेल्यावर तो गाळून घेण्याचा आग्रह धरावा. स्फुरद बहुतांशी मातीच्या कणांना चिकटून प्रवास करतो, त्यामुळे गाळणकागदावर माती राहिली की स्फुरदही तिथेच राहतो आणि खालच्या पाण्यात केवळ ‘विद्राव्य’ भाग उरतो. तणनाशकांबाबत मूळ रसायनाचीच तपासणी करावी. ग्लायफोसेट विघटित होऊन त्याचे ॲम्पा नावाचे संयुग झाले किंवा ॲट्राझिनचे विघटन होऊन दुसरेच संयुग तयार झाले, तर तो त्या रसायनाचा खासगी मामला समजावा.

आता एककांकडे वळू, कारण माझ्या मते या क्षेत्रातली खरी कलाकुसर इथेच आहे. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यासाठीची मर्यादा लिटरला ५० मिलिग्रॅम नायट्रेट अशी आहे, तर अमेरिकेची मर्यादा १० मिलिग्रॅम आहे. अमेरिका पाचपट कडक आहे असे वाटून भारावून जाऊ नये. तिथे नायट्रेटचे नव्हे, तर त्यातल्या फक्त नत्राचे वजन मोजतात. ६२ भाग नायट्रेटमध्ये नत्र १४ भाग असते, म्हणजे नत्राचा आकडा सुमारे ४.४३ ने गुणला की नायट्रेटचा आकडा मिळतो. याचा उपयोग असा, की वरच्या देशाने आपला अहवाल नत्रात द्यावा, खालच्या देशाने नायट्रेटमध्ये द्यावा, आणि संयुक्त तक्त्यात दोन्ही आकडे एकाच रकान्यात छापून वर ‘मर्यादा ५०’ असे लिहावे. सीमेच्या अलीकडे १२ आणि पलीकडे ५३ असे दिसले की कोणीही शहाणा माणूस म्हणेल, बिघाड सीमा ओलांडल्यावर झाला. पाणी तेच आहे, घोटसुद्धा तोच आहे. ही तफावत दूर करण्यासाठी उपसमिती नेमता येते, आणि उपसमितीला पहिली दोन वर्षे ‘एकक’ या शब्दाच्या व्याख्येवर सुखाने घालवता येतात.

विसर्ग मात्र मोजू नये. किती मिलिग्रॅम हे कळले आणि सेकंदाला किती घनमीटर पाणी वाहते हेही कळले, तर दोहोंचा गुणाकार करून कोणत्या उपनदीने किती टन नत्र आणले हे कोणीही शाळकरी पोर सांगू शकेल. सुदैवाने पाण्याचा दर्जा एका खात्याकडे आणि पाण्याचे माप दुसऱ्या खात्याकडे असण्याची प्रथा जुनी आहे. ती मोडू नये.

इतके करूनही कोणी शेतीकडे बोट दाखवलेच, तर भूजलाचा आधार घ्यावा. मुळांखाली उतरलेले नायट्रेट झऱ्यांवाटे नदीला पोहोचायला कित्येकदा दशके लागतात. युरोपीय संघात ॲट्राझिनचा वापर बंद होऊन वीस वर्षे होत आली तरी त्याचे अवशेष तिथल्या भूजलात सापडतात. हे शास्त्रीय सत्य दुधारी आहे, हे आपल्या पथ्यावर पडणारे आहे. आज नदी बिघडलेली असेल तर तो आजोबांच्या काळचा युरिया, आणि आज खत कमी केले तर त्याचा गुण नातवंडांना. मधल्या पिढीकडे, म्हणजे आपल्याकडे, फक्त भत्ते येतात. पाणी कुठे मुरते आहे असे कोणी विचारले, तर या एका विषयात त्याचे उत्तर शब्दशः देता येते.

उद्दिष्ट ठरवायचे झाल्यास ते ठळक, मोजता येणारे आणि दूरचे असावे. मिसिसिपीच्या खोऱ्यात अमेरिकेची ३१ राज्ये येतात, आणि त्यांच्या शेतांतला नत्र-स्फुरद मेक्सिकोच्या आखातात उतरून दर उन्हाळ्यात तिथे तळाजवळ लिटरला २ मिलिग्रॅमपेक्षा कमी प्राणवायूचा ‘मृत पट्टा’ तयार होतो. तो २०१५ पर्यंत ५,००० चौरस किलोमीटरच्या आत आणायचे २००१ मध्ये ठरले. २०१५ उजाडल्यावर मुदत २०३५ करण्यात आली, आणि २०१७ मध्ये पट्टा सुमारे २२,७०० चौरस किलोमीटर भरला. १९८५ पासून त्याचे मोजमाप मात्र नेमाने होत आहे. भिजत घोंगडे इतक्या काटेकोरपणे मोजल्याचे दुसरे उदाहरण मला आठवत नाही.

युरोपातल्या ऱ्हाईन नदीचे उदाहरण मात्र बैठकीत निघू देऊ नये. तिथेही सुरुवात आश्वासक होती: काठच्या देशांचा आयोग १९५० मध्ये स्थापन झाला, क्षारांबाबतचा करार १९७६ मध्ये झाला आणि तो अमलात यायला १९८५ उजाडले. पण १ नोव्हेंबर १९८६ रोजी स्वित्झर्लंडमधल्या बाझेलजवळ रसायनांच्या गोदामाला आग लागली, विझवण्याच्या पाण्याबरोबर कीटकनाशके नदीत गेली, पाणी लाल झाले, वाम मासे ढिगांनी मेले, आणि पुढच्याच वर्षी मंत्र्यांनी कृती कार्यक्रम मंजूर केला. २००० सालापर्यंत सामन मासा नदीत परतला पाहिजे, असे त्यात सरळ लिहिलेले होते, आणि तो परतलाही. या सगळ्याचे मूळ त्या लाल रंगात आहे. शेतातून येणाऱ्या नायट्रेटला रंग नाही, वास नाही, ठरावीक पत्ताही नाही, हे आपले केवढे भाग्य!

एक धोका तरीही उरतो, तो तरुण कर्मचाऱ्याचा. पहिल्या पावसाच्या रात्री कोणी सांगितलेले नसताना हा मनुष्य नदीवर जातो, ओढ्याच्या मुखाशी गुडघाभर चिखलात उभा राहतो, बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळून काठोकाठ भरतो, तीवर पहाटे ४.१० अशी वेळ घालतो आणि बर्फाच्या पेटीतून ती आपल्या टेबलावर आणून ठेवतो. त्याच्यावर रागावू नये. त्याची पाठ थोपटावी, नमुन्याची रीतसर पोच द्यावी आणि बाटली शीतकपाटात ठेवून सोबतचा अर्ज वरिष्ठांच्या सहीसाठी पाठवावा. आम्ल न घातलेल्या नमुन्यातले नायट्रेट ४८ तासांच्या आत तपासावे, असा प्रयोगशाळेचा दंडक आहे, आणि सही तिसऱ्या दिवशी येते.