‘नुसतं बटणं दाबायचं काम’: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

बारावी सायन्सनंतर डायलिसिस टेक्नॉलॉजी, म्हणजे किडनी निकामी झालेल्यांचं रक्त मशीननं शुद्ध करण्याचं काम, ही चांगली वाट आहे, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुम्ही कळवलंत की मी पोरांची दिशाभूल करते आहे. तुमच्या भाच्यानं एक वर्षाचा कोर्स केला, घरच्यांनी कर्ज काढून फी भरली आणि आज तो दहा हजारांवर राबतो आहे. सगळं मशीनच करतं, हा बटणं दाबतो, पुढे बढती नाही, असं तुमचं म्हणणं.

पगाराचं तुमचं खरं आहे. त्या लेखात मी आखातातल्या नोकऱ्यांवर एक अख्खा परिच्छेद खर्च केला आणि इथल्या पहिल्या पगाराबद्दल एक ओळही लिहिली नाही. ती माझी चूक, आणि ती मला लागली आहे. मीही कंत्राटावर काम केलं आहे. अकरा महिन्यांची ऑर्डर, मग ब्रेक, मग पुन्हा साहेबांच्या केबिनबाहेर उभं राहणं. तो त्रास मी विसरलेले नाही.

पण बटणं दाबायचं काम? हे मी मान्य करणार नाही.

आमची पहिली शिफ्ट सुरू होण्याआधी टेक्निशियन पाण्याच्या खोलीत, म्हणजे डायलिसिसचं पाणी शुद्ध होतं तिथे, जातो. चार तासांच्या एका डायलिसिसला मिनिटाला 500 मिली या हिशोबानं 120 लिटर पाणी लागतं, आणि रुग्णाचं रक्त आणि ते पाणी यांच्यात फक्त एक पातळ पडदा असतो. पाण्यातलं क्लोरामाइन (जंतू मारायला वापरतात तो क्लोरीनचाच एक प्रकार) कार्बनच्या टाकीत अडलं नाही तर ते पडद्यातून रक्तात जातं आणि तांबड्या पेशी फुटतात. एका मे महिन्यात टँकरचं पाणी चालू होतं. सकाळी तपासलं, तर कार्बनच्या टाकीनंतरही चाचणीत क्लोरीनचा रंग दिसला. मर्यादा लिटरला 0.1 मिलीग्रॅम, आणि हे उघड जास्त होतं. बाहेर सहा पेशंट डबे घेऊन बसलेले, त्यातले दोघे पहाटेच्या एसटीनं आलेले. मी शिफ्ट थांबवली. एका आजोबांचा मुलगा अंगावर धावून आला. डॉक्टरांना फोन केला, टाकीचं काम झालं, पुन्हा दोनदा तपासलं, आणि चार तास उशिरानं पहिली सुई घातली. मशीनच्या स्क्रीनवर त्या सकाळी एकही अलार्म नव्हता. क्लोरीन मशीनला कळतच नाही. 1996 मध्ये ब्राझीलमधल्या कारुआरू शहरात डायलिसिसच्या पाण्यात शेवाळाचं विष राहिलं आणि पन्नासच्या आसपास रुग्ण दगावले. मी नव्या पोरांना पहिल्याच दिवशी हे सांगते.

तसाच फिस्टुला, म्हणजे डायलिसिसच्या सुया घालता याव्यात म्हणून हातातली धमनी आणि शीर ऑपरेशननं जोडलेली जागा. सुई घालण्याआधी हातावर बोटं ठेवली की खाली थरथर लागली पाहिजे. ती नसेल तर सुई नाही, आधी डॉक्टर. आणि घरच्या लग्नात भरपूर पाणी पिऊन आलेला पेशंट म्हणतो, ‘ताई, आज अंगातलं चार लिटर पाणी काढा’. तेव्हा नाही म्हणावं लागतं, कारण एकदम इतकं काढलं की प्रेशर पडतं. प्रेशर पडायच्या आधी कितीतरी जण जांभया द्यायला लागतात. मशीन प्रेशर अर्ध्या तासानं मोजेल, जांभई आपल्यालाच दिसायला हवी.

हे एका वर्षात वर्गात बसून येत नाही, आणि तुमच्या भाच्याचं दुखणं मला तिथेच दिसतं. 2021 च्या राष्ट्रीय कायद्यात डायलिसिस टेक्नॉलॉजिस्टचा समावेश आहे. त्या कायद्यानं अलाइड हेल्थ प्रोफेशनल (डॉक्टर-नर्सबरोबर काम करणारे तंत्रज्ञ वगैरे) म्हणवून घ्यायला किमान 2000 तासांचं, दोन ते चार वर्षांचं शिक्षण ठरवून दिलं आहे. एक वर्षाचं सर्टिफिकेट त्यात बसत नाही. तरी असे कोर्स गावोगाव विकले जातात, आणि तिथून निघालेल्या पोरांना कमी पैशांत कामाला लावणारेही तयार असतात. पदवीला तीन वर्षं शिक्षण आणि वर्षभर इंटर्नशिप असते. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या बीपीएमटी या पॅरामेडिकल टेक्नॉलॉजीच्या पदवीचा साचा असाच आहे. मात्र शाखा बघून घ्या, कारण लॅब, ऑपरेशन थिएटर आणि डायलिसिस ही वेगवेगळी कामं आहेत.

बढतीचं म्हणाल तर युनिटमध्ये सीनियर, मग इन-चार्ज, आणि तिथे वाट अरुंद होते, हे खरं. पण बाजूला वाटा फुटतात. मशीन कंपन्यांना हॉस्पिटलांत जाऊन शिकवणारी माणसं लागतात, कॉलेजांना शिकवणारे लागतात. आखातात जायचं तर कागदपत्रांची पडताळणी आणि परीक्षा पार करावी लागते, आणि तिथे पदवी व अनुभवाचा दाखला दोन्ही मागतात. 2016 पासून केंद्राच्या डायलिसिस कार्यक्रमामुळे जिल्हा रुग्णालयांतही युनिटं झाली. काम आहे. त्यातलं बरंच खासगी भागीदारीतून आणि कंत्राटावर आहे, हेही तितकंच खरं.

भाच्यानं आता काय करावं? बारावीला बायोलॉजी असेल तर पदवीचा विचार अजूनही करावा, हाताला मशीनची सवय आहेच. प्रवेशाला जाल तेव्हा ऑफिसात फीचं बोलण्याआधी दोनच गोष्टी विचारा. इंटर्नशिप कुठल्या हॉस्पिटलात, आणि तिथे चालू मशीन किती? मग म्हणावं, पाण्याची खोली दाखवा. खोलीऐवजी भिंतीवरचा तक्ता दाखवला, तर तिथूनच परत या.