नोटीस आल्यावरच वकील का आठवतो?

सेवाभावी संस्थांना मी कायद्याची मदत विनामूल्य करते, आणि दर वेळी तेच! फोन येतो तो मुदत उलटून गेल्यावर. "ताई, नोटीस आलीय, उद्यापर्यंत उत्तर द्यायचंय." अहो, विवरणपत्राची तारीख दरवर्षी येते, मग महिनाभर आधी एक फोन का होत नाही?

परवा एका संस्थेचं इतिवृत्ताचं रजिस्टर उघडलं. चार सभांची पानं, एकावरही अध्यक्षांची सही नाही. एका विश्वस्तांना जाऊन दोन वर्षं झाली, तरी बँकेत सहीचा अधिकार त्यांच्याच नावावर. नवीन विश्वस्त नेमल्याचा ठराव? "तोंडी झाला होता." तोंडी ठरावावर बँक खातं चालवू देईल का? पगार अडकले ते मुलांना शिकवणाऱ्या बायकांचे. जीव तुटतो हो.

"आम्ही चांगलं काम करतो, आम्हाला कशाला हे कागदी घोडे?" हे वाक्य ऐकलं की डोकंच फिरतं. चांगलं काम करता म्हणूनच! पुस्तकांसाठी आलेली देणगी परस्पर भाड्यात वळवली, तर हेतू कितीही चांगला असो, देणगीदाराचा विश्वास तुटतोच.

आणि आम्ही वकील? गाजणारा खटला फुकट लढायला दहा जण पुढे येतात, नियमावली दुरुस्त करायला, करार तपासायला एकही नाही. अमेरिकन बार असोसिएशन वकिलांकडून वर्षाला किमान ५० तास विनामूल्य सेवेची अपेक्षा ठेवते. एवढेही नकोत. नोटीस यायच्या आधी कुणी दोन तास दिले असते, तरी त्या बायकांचे पगार अडकले नसते.