मजुरी ही भिक्षा नव्हे: ख्रिस्ती अर्थविचाराविषयीच्या एका दाव्याला उत्तर

इंदूरच्या मराठी कुटुंबांच्या व्हॉट्सॲप गटांमधून एक संदेश बराच फिरतो आहे. त्याचे म्हणणे असे की, ख्रिस्ती धर्म पैशालाच पाप समजतो, गरिबाच्या हातावर दान ठेवण्यापलीकडे त्याच्याकडे काही नाही, परलोकाची आशा दाखवून तो गरिबाला गप्प बसवतो आणि सामाजिक न्यायाची भाषा तर त्याने समाजवाद्यांकडून उसनी घेतली आहे. पाठवणाऱ्यांत वाचनाची आवड असलेली मंडळी असल्यामुळे उत्तर सविस्तर द्यावेसे वाटले.

पैसा पाप आहे, हे म्हणणे फार वेळ टिकत नाही. श्रीमंताच्या स्वर्गप्रवेशापेक्षा उंटाने सुईच्या नाकातून जाणे सोपे, हे येशूचे वचन प्रसिद्ध आहे खरे. पण येशू आणि त्याचे शिष्य यांचा खर्च काही स्त्रिया आपल्या पैशातून चालवत होत्या, हेही लूकच्या शुभवर्तमानात, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रात, नोंदलेले आहे. कोठारे पाडून मोठी बांधायला निघालेल्या ज्या शेतकऱ्याला तिथे मूर्ख म्हटले आहे, त्याचा दोष पीक उदंड आले हा नाही. त्या पिकाचा विचार करताना त्याला स्वतःखेरीज दुसरे कोणी आठवलेच नाही, हा आहे. अठराव्या शतकातले इंग्रज धर्मोपदेशक जॉन वेस्ली तर भरपूर कमवा, असे उघड सांगत. मात्र ती कमाई स्वतःच्या प्रकृतीचा किंवा शेजाऱ्याचा बळी देऊन केलेली नसावी आणि बचतीनंतर द्यायलाही हात आखडू नये, ही त्यांची अट होती.

दानाचा मुद्दा अधिक महत्त्वाचा आहे, कारण संदेशाची खरी गल्लत तिथेच झाली आहे. बायबलमधील मोशेच्या नियमशास्त्रात मजुराची मजुरी सकाळपर्यंत आपल्याजवळ ठेवू नये, सूर्य मावळण्यापूर्वी ती चुकती करावी, कारण तो गरीब आहे आणि त्याचा जीव तिच्यावर लागलेला असतो, असे स्पष्ट सांगितले आहे. नव्या करारातले याकोबाचे पत्र याच नियमाच्या आधारे धनिकांना खडसावते: तुमच्या शेतात राबलेल्यांची जी मजुरी तुम्ही अडकवून ठेवली, तीच आता ओरडते आहे. इंदूरची हुकुमचंद कापड मिल 1990च्या दशकाच्या आरंभी बंद पडली आणि सुमारे 4,800 कामगारांच्या थकबाकीचे 224 कोटी रुपये डिसेंबर 2023मध्ये मार्गी लागले, तेही कित्येकांच्या बाबतीत वारसांसाठी. हे पाहिलेल्या इंदूरकराला या वचनाचा अर्थ समजावून सांगावा लागू नये. येशूला भेटलेल्या जकातदार जक्कयाचेही तेच. तो आपली अर्धी मालमत्ता गरिबांना देऊ करतो आणि त्याशिवाय ज्यांना लुबाडले त्यांना चौपट परत करीन म्हणतो. पहिली गोष्ट दान आहे, दुसरी परतफेड. आणि पहिली केली म्हणून दुसरी माफ होत नाही. देणगीच्या पाटीवर नाव कोरून घेणाऱ्या कोणत्याही धर्माच्या दात्याने हा हिशेब एकदा करून पाहावा.

गरिबाला गप्प बसवण्याच्या आरोपात मात्र तथ्याचा अंश आहे. दासांनी धन्याच्या आज्ञेत राहावे, ही बायबलमधल्या पौलाच्या पत्रांतली वचने अमेरिकेतल्या गुलामांच्या मालकांनी आपल्या सोयीने वापरली, आणि भारतातल्या चर्चमध्येही जातिभेद टिकून राहिला, हे खुद्द इथल्या कॅथलिक बिशपांनी मान्य केले आहे. पण त्यावरून शिकवणच तशी आहे, हा निष्कर्ष काढणाऱ्याने निदान इंदूरच्या शेजारी पाहायला हवे होते. केरळहून आलेल्या सिस्टर राणी मारिया देवास जिल्ह्यातल्या उदयनगर भागात आदिवासी आणि भूमिहीन मजुरांना संघटित करत होत्या. कर्ज बँकेतून कसे मिळते, सरकारी योजनांवर आपला हक्क कोणता, हे समजल्यावर ती माणसे सावकाराच्या दारी जाईनाशी झाली. ज्यांचे त्यात नुकसान होते त्यांना हे खुपले, आणि 25 फेब्रुवारी 1995 रोजी इंदूरकडे येणाऱ्या बसमध्ये सिस्टरांवर चाकूचे वार करून त्यांची हत्या करण्यात आली. 4 नोव्हेंबर 2017 रोजी इंदुरातच कॅथलिक चर्चने त्यांना ‘धन्य’ (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केले. गरिबांना नुसते परलोकाचे आश्वासन देणाऱ्या बाईचा अडथळा सावकाराला वाटला नसता.

राहता राहिला उसनवारीचा आरोप. धान्याचे माप लहान करून, तराजूत फसवून, जोडाभर चपलांसाठी गरिबाला विकत घेणाऱ्या व्यापाऱ्यांवर बायबलमधला आमोस हा संदेष्टा इसवी सनापूर्वी आठव्या शतकात तुटून पडला होता, आणि येशूपासून आजपर्यंत ख्रिस्ती परंपरा त्याला आपलाच मानत आली आहे. चौथ्या शतकात कैसरियाच्या बेसिल या ख्रिस्ती धर्मगुरूने, तुझ्या घरात साठून राहिलेली भाकर उपाश्याची आहे, असा उपदेश केला, तेव्हा समाजवाद हा शब्दही जन्मला नव्हता. पोप तेरावे लिओ यांनी 1891मध्ये कामगारांच्या प्रश्नावर जे परिपत्रक काढले, त्यात तर समाजवादाचा स्पष्ट निषेध आणि खासगी मालमत्तेचे समर्थन आहे; आणि त्याच परिपत्रकात, मालक व मजूर यांनी राजीखुशीने ठरवलेली मजुरीसुद्धा काटकसरीने राहणाऱ्या कामगाराच्या निर्वाहाला पुरत नसेल तर ती अन्यायाचीच होय, असेही बजावले आहे.