कॅनडातले फुकट इंग्रजी वर्ग सुपर व्हिसावाल्या आईबाबांसाठी नाहीत

त्रिमूर्ती नगरच्या आमच्या फिरायला जाणाऱ्यांच्या ग्रुपवर आठवडाभर एक मेसेज फिरतोय: 'मुलांकडे कॅनडात जा, सरकार फुकट इंग्रजी शिकवते, सर्टिफिकेट मिळाले की पीआर (तिथे कायम राहण्याची परवानगी) पक्का.' अर्धे खरे आहे, म्हणूनच घोळ जास्त.

सरकारी खर्चाच्या त्या वर्गांना 'लिंक' (LINC) म्हणतात. १९९२ पासून चालतात. पण ते पीआर मिळालेल्यांसाठी आणि आश्रय मिळालेल्या निर्वासितांसाठी. सुपर व्हिसा म्हणजे मुलांकडे लांब मुक्कामाला जाणाऱ्या आईबाबांचा व्हिसा. त्यावर ते सलग ५ वर्षे राहिले तरी कायद्याने पाहुणेच. सर्टिफिकेटने पीआर मिळत नाही. तिथल्या भाषा-पातळ्यांपैकी चौथ्या पातळीचे असेल तर नागरिकत्वाच्या अर्जात भाषेचा पुरावा म्हणून चालते, तेही आधीच पीआर असलेल्याला. आणि वय ५५ किंवा जास्त असेल तर तो पुरावा मागतच नाहीत! म्हणजे आमच्या ग्रुपातल्या बहुतेकांना त्याचा उपयोग शून्य.

शिकायचेच असेल तर तिथल्या सार्वजनिक वाचनालयांत इंग्रजी गप्पांचे वर्ग भरतात, बऱ्याच ठिकाणी फुकट. डॉक्टरची वेळ फोनवर कशी घ्यायची, कोणता कचरा कोणत्या डब्यात, असलेच विषय. माझ्या मावशीने तिथे सावजी रस्सा समजावला. शब्द सापडेना, तर तोंडापुढे हाताने वारा घातला. सगळ्यांना कळले.