मामांचा पारा, आईचा उकाडा

एप्रिल लागला की आमच्या घरच्या ग्रुपवर तोच वाद. मामा सांताक्रूझचं कमाल तापमान टाकतात आणि वर लिहितात, "पस्तीसच तर आहे! आमच्या लहानपणीही असायचं. तुम्हालाच एसीची सवय लागलीय." गिरगावातून आई एवढंच लिहिते, "रात्रभर डोळ्याला डोळा नाही. भिंतीला हात लावला तरी गरम."

खोटं कुणीच बोलत नाही. सिंगापुरात नऊ वर्षं काढल्यावर मला वाटतं, आपण भांडतोय तो आकडाच अपुरा आहे.

इथे सिंगापुरात आमच्या घरासमोर इमारतीचं बांधकाम चालू आहे. तिथे तिवईवर एक काळा गोळा बसवलाय, शेजारी ओली वात गुंडाळलेला तापमापक. गोळ्याला उन्हाचा ताप कळतो, वातीला घाम सुकेल की नाही ते. या मापाला डब्ल्यूबीजीटी (वेट बल्ब ग्लोब टेम्परेचर) म्हणतात. त्यात दहापैकी सात हिस्से ओल्या वातीचे, दोन गोळ्याचे. मामांच्या लाडक्या पाऱ्याला उरतो एक. हा आकडा 32 अंशांवर पोहोचला की उन्हात जड काम करणाऱ्यांना तासाला किमान 10 मिनिटं विश्रांती द्यायची, असा इथे 2023 पासून नियम आहे. ताडपत्रीखाली बाटल्या घेऊन टेकलेली माणसं मला खिडकीतून दिसतात. (संध्याकाळी तीच माणसं लॉरीच्या उघड्या हौद्यात दाटीवाटीने बसून जातात. त्यामुळे इथलं सगळंच गोड मानू नका.)

आपलं हवामान खातंही हल्ली 'उष्ण व दमट' असा इशारा देतं. पण तो ऐकून नाक्यावरच्या बिगाऱ्याला दहा मिनिटं सावली कोण देतं? खारघरला 16 एप्रिल 2023 रोजी भर उन्हात बसवलेल्या गर्दीतली डझनभर माणसं दगावली, तेव्हा पारा चाळिशीच्या आतच होता.

खरं तर मराठीला हा फरक केव्हाचा ठाऊक आहे. नागपुरात झळा लागतात, मुंबईत उकडतं. घाम येतो, पण सुकत नाही. मामा लहान होते तेव्हा आईच्या खोलीत समुद्राचा वारा यायचा. आता समोर टॉवर उभा आहे आणि त्याच्या एसींची गरम हवा थेट तिच्या खिडकीत येते. काँक्रीट दिवसभर तापतं, ते पहाटेपर्यंत निवत नाही. दुपारच्या कमाल आकड्यात यातलं काय दिसणार?

मामांना म्हटलं, मे महिन्यात एक रात्र आईकडे झोपायला जा. त्यांनी अंगठा पाठवला. गेले मात्र नाहीत अजून.