पत्रा कापताना पाय (π) किती धरायचा?

बडोद्यात सुरसागर तलावाच्या काठी सेवउसळीच्या बशा रिकाम्या होत आल्या आणि वाद पेटला: गोल टाकीचा पत्रा कापताना पाय, म्हणजे परीघ भागिले व्यास, किती धरायचा?

मकरपुऱ्यात फॅब्रिकेशन करणारे भाऊ म्हणाले, "३.१४ धरायचा. सोपं काम."

मास्तरांनी अडवलं. "२२/७ त्याहून जवळचा आहे. एक मीटर व्यासाचा परीघ ३१४१.६ मिलिमीटर. २२/७ ने ३१४२.९ येतो, ३.१४ ने ३१४०."

"आणि पत्र्याला तोच फरक नडतो," लेथवाले काका म्हणाले. "सव्वा मिलिमीटर जास्त आला तर ग्राइंडरने उडवता येतो. दीड कमी पडला तर जोडात फट राहते. पत्रा पातळ असेल तर ती वेल्डिंगने भरताना भोकच पडतं."

भाऊंना हे पटेना. "अहो, टाकी बिघडते ती पायमुळे नाही, व्यासामुळे! आतला व्यास १००० हवा, पत्रा ५ मिलिमीटरचा. रोल करताना आतली बाजू दबते, बाहेरची ताणते, मधली रेघ साधारण तेवढीच राहते. म्हणून १००५ चा परीघ काढायचा, ३१५७.३. नुसता १००० धरलात तर पत्रा जवळजवळ १६ मिलिमीटर कमी! मग पाय दहा अंकी घ्या नाहीतर वीस."

यावर मात्र सगळ्यांचं एकमत झालं. काकांनी भर घातली: टेप मध्यातून गेला नाही आणि व्यास १ मिलिमीटर चुकला, की परीघ ३ ने चुकतो. उलट पाइपाला बाहेरून टेप गुंडाळून परीघ घेतला आणि पायने भागलं, तर मोजण्यातली चूक तिसऱ्या हिश्श्यावर येते. जाड पाइपाचा बाहेरचा व्यास असाच काढावा.

टाकीत किती लिटर मावतं या हिशोबात तर ३.१४ आणि २२/७ दोन्ही चालतात. एक मीटर व्यास, एक मीटर उंची, म्हणजे ७८५ लिटर. तिथे लोक त्रिज्येच्या जागी व्यासाचा वर्ग करतात आणि उत्तर चौपट येतं.

"अचूकच हवं असेल तर?" भाऊंनी विचारलं.

"आर्यभटाने इ. स. ४९९ मध्ये ६२८३२ भागिले २०००० दिलं, म्हणजे ३.१४१६. आणि ते 'आसन्न', म्हणजे जवळपासचं आहे, हेही स्वतःच सांगितलं," मास्तर म्हणाले. "त्याहून जवळचा अपूर्णांक लक्षात ठेवायला सोपा आहे. ११३३५५ लिहा, मधोमध तोडा, मागचे तीन अंक वर, पुढचे खाली. ३५५/११३. एक किलोमीटर व्यासाच्या वर्तुळालाही चूक पाव मिलिमीटरच्या आसपास."

"कागदावर ११३ ने कोण भागत बसणार?" काका म्हणाले. "व्यास ३५ किंवा ७० असला की २२/७ ने तोंडी ११० आणि २२० येतात."